त्रेसष्ट नंबरचा पक्षी

रंगाच्या बाबतीत आपल्याला कोणी फसवू शकत नाही, असं तो गेली बावीस वर्षं सांगत आला होता, आणि पंचाईत अशी की ते बऱ्याच अंशी खरंही होतं.

बाजाराच्या कोपऱ्यावर त्याचं रंगाचं दुकान. माणसं भिंतीचा पोपडा, गाडीच्या पत्र्याचा तुकडा, पडद्याची चिंधी असं काहीबाही घेऊन यायची. तो ते उजेडात धरायचा, एक डोळा बारीक करायचा आणि नंबर सांगून टाकायचा. शेडकार्ड उघडायचं ते केवळ गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. एकदा दातांचे डॉक्टर एक खोटा दात घेऊन आले होते. हा म्हणाला, "अकरा नंबर, आणि चहा जरा कमी प्या म्हणावं पेशंटला." गावात त्याला नावाने कोणी ओळखत नसे. शेडवाले म्हटलं की पोस्टमनसुद्धा बरोबर दारात येई.

दुकानात एवढा मान, पण घरच्या पक्षी-प्रकरणात त्याची पायरी वेगळी होती. बायको शाळेत भूमिती शिकवायची आणि उरलेला जीव पक्ष्यांवर टाकायची. रविवारी पहाटे ती माळावर निघाली की हा मागून थर्मास घेऊन चालायचा. गेली चौदा वर्षं त्याचं काम तेवढंच. "दुर्बीण द्या," "इकडे थांबा," "शिंकू नका." गावच्या पक्षीमंडळाच्या लोकांनी त्याला नमस्कार करायचा तोसुद्धा थर्मासकडे बघत.

गावाबाहेर मैलभर गवताचा माळ होता आणि माळ संपतो तिथे एकदम डोंगर उभा राहायचा. या माळाची वही बायकोकडे होती. दिसलेला प्रत्येक पक्षी त्या वहीत, आणि वहीतून यादीवाल्या नानांच्या मोठ्या यादीत. नानांच्या यादीत ज्या जागेच्या दोनशे जाती होतील तिला स्वतंत्र पान मिळायचं, आणि स्वतंत्र पान मिळालेल्या जागेकडे खाणवाले किंवा गोदामवाले बोट दाखवू शकत नसत. माळाचा आकडा तीन वर्षं एकशे नव्व्याण्णववर अडकून बसला होता. बायको झोपेतसुद्धा कूस बदलताना एकशे नव्व्याण्णव म्हणायची, अशी त्याची खात्री होती.

त्यात एक जुनं दुखणं होतं. अकरा वर्षांपूर्वी बायकोने एका झुडपात बसलेला लहानसा पांढरा पक्षी नोंदवला होता. चांगलं अर्धं पान वर्णन लिहिलं होतं. नाना स्वतः आले, झुडपात हात घातला आणि शटलकॉक बाहेर काढलं. वहीत त्या नोंदीवर लाल शाईने काट मारून शेजारी 'शटलकॉक' असं लिहिलेलं होतं, आणि नियम असा होता की लाल शाईची दुसरी काट पडली की वही दुसऱ्याकडे जाते. दुसरा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. तो चष्म्याचं दुकान चालवायचा, हाताएवढ्या लांब भिंगाचा कॅमेरा बाळगायचा आणि ताईच्या वहीकडे अधूनमधून मायेने बघायचा.

तर यंदाच्या पक्षीमोजणीला नाना स्वतः येणार होते, आणि आदल्या बुधवारी शिंपीणकाकूंचा पाय मुरगळला. काकू म्हणजे मंडळाची कायमची तिसरी चिठ्ठी.

चिठ्ठीचं सांगायला हवं. मंडळाचा रिवाज असा की नवा पक्षी दिसला की कोणी तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. प्रत्येकाने गपगुमान आपापल्या चिठ्ठीवर काय दिसलं ते लिहायचं, घडी घालायची, मग चिठ्ठ्या मोठ्याने वाचायच्या. तीन चिठ्ठ्या जुळल्या तरच नोंद. त्याआधी पुस्तक उघडणाऱ्याला एका वर्षाची बंदी.

"तिसरी चिठ्ठी कोणाची घेऊ?" बायको जेवताना म्हणाली. "शाळेचा शिपाई रंगांधळा आहे. आणि मुख्याध्यापक लिहितात ते त्यांनासुद्धा वाचता येत नाही."

"मी आहे की."

तिने घास तसाच धरून त्याच्याकडे पाहिलं.

"अहो, तुम्हाला कावळा आणि कोकीळ यातला फरक कळत नाही."

"दोन्ही काळे. एक मॅट, एक ग्लॉस. कळत कसा नाही?"

बायको विचारात पडली. नाही म्हटलं तरी मुद्दा बिनचूक होता.

"हे बघ," तो आता रंगात आला, "पक्षी म्हणजे काय? उडता रंग. तू मला एकच रंग दे. बाकीचे तुम्ही बघा. एका रंगात मी चुकलो तर दुकानाची पाटी उतरवीन."

शेवटी ठरलं ते असं. तपकिरी, म्हणजे सगळ्यात किचकट, मेहुण्याकडे. उरलेलं सगळं बायकोकडे. आणि नारिंगी याच्याकडे, कारण माळावर नारिंगी म्हणून दोन-तीनच पक्षी होते आणि त्यात चुकायला जागा कमी होती. हे शेवटचं कारण तिने त्याला सांगितलं नाही.

त्याने मात्र परीक्षेचा अभ्यास सुरू केला. बायकोच्या पुस्तकातले नारिंगी पक्षी शोधले, दुकानातल्या शेडकार्डांच्या चौकोनी कपच्या कापल्या आणि प्रत्येक चित्राशेजारी एक कपची चिकटवली. थिरथिऱ्याची शेपटी बत्तीस. गप्पीदासाची छाती एकेचाळीस, कडेला विरळ. निखार, जो डोंगरातल्या झाडांत वर वर राहतो आणि माळावर कधी उतरत नाही, तो सत्तावीस.

"हळद्यापण घेऊ का?" त्याने विचारलं.

"हळद्या पिवळा असतो."

"तुझ्या मते."

"पुस्तकाच्या मते," बायको म्हणाली आणि पुस्तक मिटून टाकलं.

याच आठवड्यात त्याने मंडळाचं आणखी एक काम केलं होतं. माळाच्या मध्यावर लपण होतं. लपण म्हणजे लाकडी बुटकी खोली, समोर बघायला आडवी फट, आत बाक. फटीसमोर चाळीस पावलांवर पक्ष्यांना पाणी प्यायला एक दगडी डोण. भिंती गवताच्या रंगाच्या होत्या, त्या तशाच ठेवायच्या होत्या. पण वणव्यावर नजर ठेवणारा डोंगरावरचा पहारेकरी म्हणाला होता, उद्या आग लागली तर आत माणसं आहेत की नाहीत हे बघायला मला आधी खोली दिसायला हवी, तेव्हा छप्पर तेवढं भडक करा. छपराला चारी बाजूंनी वीतभर कठडा होता, त्यामुळे खालून ते दिसतच नसे. याने गुरुवारी दुकानात रंग मिसळला, शिडी लावली आणि सपाट पत्र्यावर दोन हात मारले. रंग मिसळत असताना एक गिऱ्हाईक आलं होतं, त्याला रंग सुकण्यामागचं शास्त्र याने अर्धा तास समजावून सांगितलं, हेही लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

रविवारी पहिल्या बसने नाना आले. वय बहात्तर, खिशात दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. बायकोची नजर लाल पेनावरून हलेना.

"हे कोण?" नानांनी विचारलं.

"माझे मिस्टर. तिसरी चिठ्ठी."

"हे थर्मासवाले ना?"

"थर्मास आज मेहुण्याकडे आहे," तो ताठ मानेने म्हणाला. मेहुण्याने थर्मास पाठीमागे लपवला.

लपणात शिरताना त्याने नानांच्या कानावर घातलंच. "छप्पर मीच रंगवलंय. दोन हात."

"वा. सुकलंय ना?"

"माझा रंग चार तासांत खडखडीत. गुरुवारी मारलाय, आज रविवार. आता त्यावर भाकरी थापा."

चौघं बाकावर ओळीने बसले. उजेड फुटला तसं गवत हळूहळू दिसू लागलं. इतकी वर्षं तो इथे यायचा तो चहा ओतायला. फटीतून माळाकडे असं कधी बघितलंच नव्हतं. किती रंग होते त्यात! नुसतं वाळलेलं गवत म्हणावं तर त्यात बारा शेड निघत होत्या. तेवढ्यात कुंपणाच्या खांबावर काहीतरी थरथरलं.

"बत्तीस!" तो ओरडला आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

बायकोने दुर्बीण लावली. "थिरथिरा. नर. बरोबर." तिच्या आवाजात आश्चर्य होतं आणि ते तिने लपवलं नाही.

दहा मिनिटांनी त्याने झुडपाच्या शेंड्यावरचे चार गप्पीदास ओळखले, त्यातल्या दोन माद्या. "छातीला पाणी जास्त घातलंय," असं त्याचं वर्णन होतं. नाना खुश झाले. म्हणाले, "चाळीस वर्षं लोक मला नारिंगी, फिकट नारिंगी, जरा जास्त नारिंगी असं लिहून देतायत. नंबर देणारा माणूस आज भेटला." मेहुण्याने यावर तपकिरी रंगाचे सहा पक्षी ओळखून दाखवले, पण त्याच्याकडे कोणी बघेना.

आणि मग तो आला.

डोणीच्या कडेवर वरून कुठून तरी उतरला. काळं डोकं, काळी पाठ, लांब शेपटी, आणि गाल, पोट, शेपटीची कड, सगळं पेटल्यासारखं नारिंगी. उन्हात असा चमकत होता की बघणाऱ्याचा श्वास अडकावा. बायकोने नवऱ्याचं मनगट पकडलं. चौदा वर्षांत लपणात तिने असं कधी केलं नव्हतं. मेहुण्याचा कॅमेरा खडखड वाजू लागला.

कोणी शब्द काढला नाही. चिठ्ठ्या निघाल्या. पेन्सिली कुरकुरल्या. बायको लिहीत होती आणि तिचे ओठ हलत होते, आणि त्याला स्पष्ट दिसत होतं की ती दोनशे म्हणतेय.

तो स्वतः लिहायला बसला तेव्हा नंबर असा झटकन सुचला की त्याचं त्यालाच नवल वाटलं. शोधावं लागलंच नाही. घरच्या माणसाचा चेहरा ओळखावा तसा रंग ओळखीचा वाटला. त्याने लिहिलं, 'त्रेसष्ट नंबर. त्यात किंचित काळा. अर्धी चमक.' आणि घडी घातली.

चिठ्ठ्या नानांनी वाचल्या.

बायकोची: 'काळा-नारिंगी, लांब शेपटी, चिमणीपेक्षा सडपातळ. निखार?'

मेहुण्याची: 'निखार वाटतो. पण जमिनीवर चालतोय, आणि शेपटी सारखी वर-खाली. निखार असं करत नाही.'

याची चिठ्ठी नानांनी दोनदा वाचली. "अर्धी चमक! कमाल आहे."

"ताई, शेपटीचं काय?" मेहुणा म्हणाला.

"डोंगरातून पहिल्यांदा माळावर उतरलाय बिचारा. बावरला असेल."

"बावरल्यावर शेपटी हलते का?"

"तू मुलाखतीला गेला होतास तेव्हा तुझा पाय हलत होता," बायको म्हणाली.

"चालण्याचं म्हणाल," नाना म्हणाले, "तर पाणी प्यायला कोणीही खाली उतरतो. माळावरचा पहिला निखार! बाई, वही आणा."

आता लपणात जी काही धांदल उडाली! वही बायकोच्या पिशवीत तळाशी होती, वर मेहुण्याने कोंबलेला थर्मास, त्यावर त्याच्याच कॅमेऱ्याचा पट्टा. नाना निळं पेन शोधत होते आणि हाताला सारखं लाल लागत होतं. बायको हसत होती आणि डोळेही पुसत होती. "स्वतंत्र पान," ती म्हणाली. "अहो, स्वतंत्र पान!" त्याला वाटलं, आपण आज नुसते नवरे राहिलो नाही, साक्षीदार झालो. पक्षी मात्र भुर्रकन उडाला आणि दिसेनासा झाला, आणि लगेच डोक्यावरच्या पत्र्यावर बारीक पावलं वाजली. टक, टक, टक.

"छपरावर गेला वाटतं," मेहुणा म्हणाला.

"मी बघून येतो, बाहेरून नीट दिसेल," असं म्हणून तो बाहेर पडला. खरं तर त्याला आनंद मावत नव्हता आणि दोन पावलं नाचायला जागा हवी होती. तो डोणीपर्यंत नाचतच गेला. आणि डोणीच्या करड्या दगडावर त्याला पावलं दिसली. बारीक, तीन बोटं पुढे, एक मागे, ओळीने डोणीभर. नारिंगी.

त्याने वाकून एका पावलावर बोट टेकवलं. बोट चिकटलं. बोट नाकाशी नेलं. टर्पेंटाइन.

गुरुवारचं सगळं त्याच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. डबा, काठी, रंगाचा भोवरा, आणि काउंटरवर बूच काढून ठेवलेली ड्रायरची बाटली. गिऱ्हाइकाला तो सांगत होता, "ड्रायर घातला नाही तर रंग आठ-आठ दिवस ओला राहतो, लोक विसरतात, तिथेच फसतात." एवढं सांगून गिऱ्हाईक गेलं, आणि याने बाटलीचं बूच लावून ती फळीवर ठेवून दिली.

तो पळत शिडीवर चढला. सपाट पत्र्यावर दवाचं थारोळं साचलं होतं आणि त्यात एक धोबी मनसोक्त अंघोळ करत होता. तोच आपला नेहमीचा पांढरा-काळा धोबी, जो प्रत्येक डबक्याकाठी शेपटी हलवत फिरतो. आता त्याच्यात पांढरं असं काही उरलं नव्हतं. त्याने याच्याकडे पाहिलं, शेपटी दोनदा हलवली आणि पुन्हा पाण्यात पोट घासलं.

कोणालाही हे माहीत नव्हतं. एक फडकं घेऊन डोण पुसली असती तर कोणाला कधी कळलंही नसतं. दोन चिठ्ठ्या जुळल्या होत्या, तिसरीवर नाना खुश होते, आत बायको हसत होती. तिला असं हसताना बघून किती वर्षं झाली, हे त्याला आठवेना. तोंड उघडलं तर ते हसू जाणार, आणि चार तासांत खडखडीत वाळणाऱ्या रंगाची गोष्ट उद्या बाजारभर होणार. गप्प बसलं तर? मेहुण्याच्या कॅमेऱ्यात फोटो होते. आज ना उद्या कोणीतरी ते मोठे करून बघणार, धोब्याचं तोंड ओळखणार, आणि लाल शाई पडणार ती तिच्या वहीवर. आपल्या नाही.

तो आत आला तेव्हा नानांना निळं पेन सापडलं होतं आणि टोपण निघालं होतं.

"नाना, लिहू नका."

"का?"

"तो पक्षी माझा आहे."

सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

"म्हणजे पक्षी धोबी आहे. रंग माझा आहे. त्रेसष्ट नंबर. मीच मिसळला, मीच मारला, आणि ड्रायर घालायला मीच विसरलो." त्याने नारिंगी बोट पुढे केलं. "अर्धी चमक कारण अजून ओला आहे."

छपरावरची अंघोळ आता आत स्पष्ट ऐकू येत होती. मग मेहुणा हसायला लागला, बाकावरून घसरला आणि खाली बसून हसत राहिला. बायको हसली नाही. तिने वही मिटली, मांडीवर ठेवली आणि त्यावर दोन्ही हात ठेवले.

"शटलकॉकच्या वेळी मला कोणी आधी सांगितलं असतं तर," ती हळूच म्हणाली. त्याच्याकडे बघितलं ते रागाने नव्हतं.

नानांनी टोपण परत लावलं. "नोंद झालीच नाही, म्हणजे खोडायची वेळ नाही. वहीला धक्का नाही, बाई. आकडा एकशे नव्व्याण्णव." मग याच्याकडे वळून म्हणाले, "आणि शेडवाले, खरं सांगू? इतकी प्रामाणिक चिठ्ठी मी आजवर पाहिली नाही. नंबरासकट बरोबर होती."

याची मान पुन्हा ताठ झाली. इथेच घात झाला. माणूस पडला की शहाणा होतो, पण पडल्यावर कोणी पाठ थोपटली की पुन्हा पहिल्यासारखा.

बायको म्हणाली, आधी त्या मुक्या जिवाचं बघा, पोटात रंग जायचा. पटापटा कामं वाटली गेली. ती आणि नाना मागच्या बाजूने शिडी लावून छपरावर ताडपत्री पसरायला गेले. धोबी ओरडत उडाला आणि डोणीतल्या स्वच्छ पाण्यात जाऊन बसला. हा डोण पुसायला लागला. मेहुणा फटीपाशी कॅमेरा घेऊन उभा होता आणि अजून मधूनच फिस्सकन हसत होता.

"दाजी," तो एकदम म्हणाला, "आणखी एक."

डोणीपलीकडे एक वठलेलं झाड होतं. त्याच्या अगदी शेंड्यावर एक पक्षी बसला होता. काळा आणि नारिंगी. ताठ बसला होता. मेहुण्याचा कॅमेरा पुन्हा खडखडला.

"काय झालं?" छपरामागून नानांनी विचारलं.

याने मान वर केली, एका नजरेत बघितलं आणि अनुभवी माणसासारखा हात झटकला.

"काही नाही, नाना. तोही माझाच. जोडीने अंघोळ केलेली दिसते."

छपरामागून नानांचं हसू ऐकू आलं. बायकोही हसली, आणि त्याला फार बरं वाटलं. पक्षी थोडा वेळ शेंड्यावर बसला, मग डोंगराच्या दिशेने निघून गेला. नाना दुपारच्या बसने गेले. जाताना त्यांनी दिवसाची यादी लिहून दिली. त्यात शेवटी होतं, 'पांढरा धोबी, दोन. नारिंगी. न सुकलेले.' बायकोने तो कागद स्वयंपाकघरात लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने छपरासाठी नव्याने त्रेसष्ट नंबर मिसळला. या वेळी ड्रायर आधी घातला, मग रंग. काठी पांढऱ्या पुठ्ठ्यावर टेकवली, ठिपका वाळू दिला, आणि सवयीने एक डोळा बारीक करून त्याच्याकडे बघितलं.

ठिपका बरोबर होता. धोब्याचा रंग हाच. किंचित काळपट. पण शेंड्यावरचा?

त्याने डोळे मिटले. शेंड्यावरचा पक्षी डोळ्यांसमोर आला. त्याच्या नारिंगीत काळ्याचा अंशही नव्हता. स्वच्छ, उजळ. शिवाय त्याच्या पंखात मधोमध एक नारिंगी पट्टा होता, आणि छपरावर कितीही लोळलं तरी पंखाच्या मधोमध पट्टा उठत नाही. शेपटी हलत नव्हती. धोबी काही झाडाच्या शेंड्यावर ताठ बसून राहत नाही.

बायकोचं पुस्तक त्याने अजून परत दिलं नव्हतं. त्याने ते पान उघडलं. निखार. शेजारी त्याच्याच हाताने चिकटवलेली कपची. सत्तावीस. अगदी तोच.

बायको डबा घेऊन आली तेव्हा तो काउंटरमागे पुठ्ठा धरून बसला होता आणि दोन गिऱ्हाइकं ताटकळत उभी होती.

"काय झालं? बरं नाही का वाटत?"

खोटं बोलावं असं त्याच्या मनात आलं, नाही असं नाही. पण कालच एकदा खरं बोलून बघितलं होतं आणि त्यात जीव गेला नव्हता.

"अगं," तो म्हणाला, "दुसरा माझा नव्हता."

तिने पुठ्ठ्याकडे पाहिलं, पुस्तकाकडे पाहिलं, कपचीकडे पाहिलं. सगळं एका क्षणात तिच्या लक्षात आलं. भूमितीच्या बाई त्या. ती स्टुलावर बसली. गिऱ्हाइकांनी आपण नंतर येतो म्हटलं आणि काढता पाय घेतला.

मग ती एकदम उठली. "फोटो! त्याने फोटो काढले होते की!" तिने तिथूनच भावाला फोन लावला. याच्याही जिवात जीव आला. फोटो असला तर चिठ्ठ्या मागाहून चालतात, असं नानाच एकदा म्हणाले होते. त्याने फोनला कान लावला.

"अरे, काल तो दुसरा पक्षी. झाडावरचा. काढलास ना?"

"काढला की ताई. सहा फोटो. एक तर इतका सुंदर आला होता, पंख उघडलेला, पाठीमागे डोंगर."

"पाठव."

"ते पुसून टाकले मी."

"का?"

"दाजी म्हणाले ना, आपलाच आहे म्हणून. म्हटलं, उगाच कॅमेऱ्यात जागा कशाला अडवायची? आणि रंगाच्या बाबतीत दाजींना कोण फसवणार?"

बायकोने फोन ठेवला. बाहेरून कोणीतरी विचारलं, शेडवाले आहेत का, आणि त्याने आतूनच नाही म्हणून सांगितलं.

पुढच्या रविवारी पहाटे ते पुन्हा माळावर निघाले. निखार एकदा आला तर पुन्हाही येईल, असं बायकोचं म्हणणं होतं, आणि ते म्हणताना तिचा चेहरा उजळला होता. शिंपीणकाकू लंगडत का होईना, आल्या होत्या. दारातच बायकोने कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या. एक काकूंना, एक भावाला, एक स्वतःला ठेवली. त्यानेही हात पुढे केला.

तिने त्या हातात थर्मास दिला.